शिवम्माच्या पदरावरचा माईक

मित्रांनो, मी एक कॉलर माईक. लोक मला जुना म्हणतात. म्हणू द्या. मी बिघडलो नाही, तुटलो नाही, चुलीत काटकी मोडली तरी अजून मला नीट ऐकू येतं. मला अडगळीत टाकणारा माणूस मी नावानिशी सांगणार आहे. त्याचं नाव श्रीशैल. औशात त्याचं पंप-मोटारींच्या सामानाचं दुकान आहे.

माझा जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला. हरभऱ्याएवढं डोकं, त्यावर फोमची टोपी आणि लांब काळी वायर, एवढाच माझा देह. लातूरच्या गंजगोलाईत एका दुकानात मी मोबाईलच्या कव्हरांमध्ये लटकत होतो. तिथून श्रीशैलनं मला घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी त्याच्या आईच्या पदराला लावलं.

ती शिवम्मा. तिचं माहेर निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाला लागून. म्हणून तिच्या बोलण्यात मधूनच कानडी शब्द येतो. स्वतःच्या आईला ती अव्वा म्हणते. मला बघून ती बुजली नाही. दारात पाहुणा आल्यासारखी म्हणाली, "बस बाबा. चटणी तेवढी कुटते, मग सांगते."

तिची सून वर्षाराणी हसायला लागली. "आत्या, ते मशीन हाय. त्याला भाकर वाढून ठेवाल तुम्ही."

"वाढीन की. ह्या घरात दुसरं कोण माझं ऐकून घेतंय?"

श्रीशैल ते बोलणं फोनमध्ये भरायचा आणि पॉडकास्ट म्हणून सोडायचा. म्हणजे रेडिओच, पण आपल्याला हवा तेव्हा लावायचा. नाव ठेवलं होतं 'शिवम्माची चूल'. पुण्याला नोकरीला गेलेली आमच्याकडची पोरं ते ऐकायची आणि लिहायची, की मावशी, आज मेसची आमटीसुद्धा गोड लागली. श्रीशैल ते आईला वाचून दाखवायचा. ती नुसता पदर सारखा करायची. तेवढ्यात माझ्या टोपीवरची पिठाची भुकटी पुसली जायची. माझे चांगले दिवस ते हेच.

एकदा तिनं आंबिलीची गोष्ट सांगितली. ताकात ज्वारीचं पीठ कालवून ते आंबवायचं आणि शिजवायचं, की झाली आंबील. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्या भागात ती मडक्यात भरून शेतात नेतात. शिवम्मा म्हणाली, "आंबायला ऊब लागते बघ. अन् त्या दिवसांत थंडी लई. घरात वाकळ एकच. माझी अव्वा, कमलम्मा, ती वाकळ मडक्यावर टाकायची अन् आपण नुसत्या लुगड्यात कुडकुडत निजायची. आम्हाला कवा कळलंच न्हाई. आम्ही नुसतं, आंबील लई ग्वाड झाली, म्हणायचो."

हे सांगताना तिचा आवाज जरासा फाटला. मी तो फाटलेला आवाज जसाच्या तसा पुढं दिला. माझं काम तेवढंच, आणि ते मी इमानानं केलं.

मग कुठल्याशा शहरातल्या एका ॲपवाल्यांचा निरोप आला. ते खाण्यापिण्यावरच्या ऐकण्यासारख्या पॉडकास्टची यादी काढणार होते. मजकूर छान आहे, म्हणाले, पण आवाज बदला, भाषा साफ करा, मग यादीत घेऊ. साफ. जणू शिवम्माच्या जिभेवर चिखल लागला होता.

श्रीशैल नाही म्हणू शकला असता. आईला विचारू तरी शकला असता. त्यानं विचाराला एक दिवससुद्धा घेतला नाही. शिवम्माचं सगळं बोलणं कागदावर उतरवलं, छापील मराठीत बसवलं आणि लातूरच्या एका शिकलेल्या मुलीकडून वाचून घेतलं. त्या मुलीला मी दोष देणार नाही. तिच्या हातात कागद दिला, तिनं वाचला. नवीन नाव पडलं, 'चव मराठवाड्याची'. ते यादीत लागलं आणि श्रीशैलनं दुकानात पेढे वाटले.

आणि खरा दगा तर पुढंच आहे. त्यानं मला काढलं नाही. रोज आईच्या पदराला लावत राहिला. "आई, आज हुग्गीचं, आपल्या गव्हाच्या खिरीचं सांग. लोक वाट बघायलेत तुझी." ती बिचारी सांगायची. लोक वाट बघतात म्हणून जरा जास्तच सांगायची. मी त्याच्याच फोनला लटकलेला, मला सगळं ठाऊक. पण मित्रांनो, माईकला कान दिलेत, तोंड दिलेलं नाही.

श्रीशैलला वाटलं, आईकडं साधा बटणाचा फोन, तिला कळणार कसं? एवढा हुशार माणूस, पण येळवस विसरला. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून शेतात जेवायला बसवतात. ओळख लागत नाही.

येळवशीला शिवम्मानं मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका माणसाला थांबवलं. "ओ भाऊ, असं उपाशी जाऊ नये आज." पंढरी त्याचं नाव, बियाण्यांच्या कामासाठी गावोगाव फिरणारा. कडब्याच्या खोपीजवळ बसून तो भाज्या-शेंगादाण्यांची भज्जी जेवला, आंबील प्याला आणि खूश होऊन म्हणाला, "काकू, अगदी अशीच आंबील त्या पॉडकास्टात सांगितलीय. लई नाव हाय त्याचं. थांबा, ऐकवतोच."

श्रीशैल उठायच्या आत फोन वाजू लागला. गोड, गुळगुळीत आवाजात ती मुलगी म्हणत होती, "माझी आजी आंबिलीच्या मडक्यावर स्वतःची मऊ शाल पांघरायची."

शिवम्माच्या हातातली पळी थांबली. मी तिच्या छातीशी होतो. आत जे झालं ते फक्त मी ऐकलं.

"श्रीशैल," ती म्हणाली, "अव्वाकडं शाल कवा होती रे?"

"अगं आई, शहरातल्या लोकांना वाकळ कळत न्हाई."

"अन् अव्वा? ती बी कळत न्हाई का? ती त्या पोरीची आजी कवा झाली?"

श्रीशैलनं पुढं होऊन फोन बंद केला. पंढरी ओशाळून उठायला लागला. "असं उठू नका," त्याला बसवत शिवम्मा म्हणाली, "साकु, म्हणजे पुरे, असं पाहुण्यानं येळवशीला म्हणायचं नसतंय. तुमचा काय गुन्हा? बसा." तिनं त्याचा पेला पुन्हा भरला. एक थेंब सांडला नाही. मग मला पदरावरून काढलं आणि लेकाच्या हातावर ठेवलं.

पाडवा जवळ आला तेव्हा श्रीशैलकडचं सांगण्यासारखं सगळं संपलं होतं. मला घेऊन तो चुलीपाशी आला. "आई, पाडव्याचं ते कडुनिंबाच्या फुलांचं पाणी कसं करायचं, तेवढं सांग की."

शिवम्मा भाकरी थापत होती. मान वर केली नाही.

"तिला विचार," ती म्हणाली. "तिच्या आजीनं केलं असंल."

वर्षाराणी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "लाव की माईक. भाकरीचा आवाज तरी भरून घे. त्याला भाषा नसते, साफ करायचं काम पडायचं न्हाई."

त्यानं मला दुकानाच्या खणात टाकलं. तिथं वॉशर आहेत, फ्यूजच्या तारा आहेत, कुणी बोलत नाही.

मित्रांनो, कुणी चांगलं म्हणून सुचवलेलं ऐकायला जाल, जरूर जा. पण ही गोष्ट कुणाच्या घरची, एवढं विचारा. आणि तुमच्या घरात बोलणारं माणूस असेल, तर त्याचा आवाज त्याच्या नावासकट जपा. माझी काळजी करू नका. मी अजून चालतो. पण मला कुणाच्या पदराला लावायच्या आधी त्या बाईला खरं काय ते सांगा. तेवढं जमत नसेल तर खण उघडू नका.