टॉर्च जरा वर

डेपोत तिला सगळे मिनिटताई म्हणत. शहरातल्या बसचं वेळापत्रक ती लावायची, आणि कुठली गाडी कुठे उगाच रेंगाळते हे तिला बसल्या जागी कळायचं. ड्रायव्हर तिच्या नावाने बोटं मोडायचे. पण तिने अमुक वाजता गाडी येईल म्हटलं की गाडी यायची, हे चारचौघांत सांगायचेही तेच. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं डेपोत धरून चालत, आणि पुढे जे झालं ते या भरवशामुळेच झालं.

सभा घ्यायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते थोरली बहीण गेल्यावर. बहिणीला शहरात घर परवडलं नव्हतं. शेवटच्या स्टॉपच्याही पुढे, जिथे दिव्याचे खांब संपतात, तिथे तिने घर घेतलं आणि रोज स्कूटरवरून हायवेने कामाला येऊ लागली. एके दिवशी ती पोचली नाही. चूक ट्रकवाल्याची, असं सगळ्यांनी ठरवलं. मिनिटताईने चूक अंतराची ठरवली. माणसं इतक्या लांब का जातात? तर बसच्या रस्त्यावर सगळे बंगले, आणि एकेका बंगल्यात माणसं दोन आणि गाड्या तीन. या रस्त्यालगत पाच मजले बांधू द्या, लहान लहान घरं करा, गाड्या लावायच्या जागेत सायकलचा पट्टा आखा, बस वाढवा. एवढंच तिचं मागणं होतं, पण ते मागता मागता तिची चार वर्षं गेली आणि केस पांढरे झाले.

बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तिने एक गल्ली तयार केली होती. पुढे बसचा रस्ता, रस्त्यावर पाच मजली इमारत आणि तिच्या मागे बुटकी घरं. ही गल्ली बगलेत मारून ती मोहल्ल्या-मोहल्ल्यात जायची. सभेत कोणी ना कोणी उठून विचारायचंच, "आणि आमच्या उन्हाचं काय?" मग आईची पाळी यायची. आई म्हणजे मिनिटताईची सत्तरी ओलांडलेली आई. लेकीला एकटं कसं सोडायचं म्हणून ती प्रत्येक सभेला जायची आणि सूर्य व्हायची. म्हणजे टॉर्च धरायची. एकदा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, दिसत नाही. "आई, टॉर्च जरा वर," मिनिटताई म्हणाली. आईने हात उंचावला आणि इमारतीची सावली आखडून तिच्या पायाशी आली. मागच्या घरांवर लख्ख उजेड. लोकांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून आईचा हात न सांगता तिथेच जायला लागला, आणि सावली कशी वाढेल याचा विचार करायचं कोणालाच सुचलं नाही. मिनिटताईलाही नाही. काम होत असलं की माणूस खोलात शिरत नाही.

आई रफू करायची. लोक कोट आणायचे, शाली आणायचे, कसरीने नाहीतर सिगारेटने भोक पाडलेले, आणि आई ते भोक असं बुजवायची की मालकालासुद्धा सापडू नये. तिची खुर्ची दक्षिणेच्या खिडकीत. दोरा उन्हात धरून पाहिल्याशिवाय ती सुईत ओवायची नाही. ट्यूबच्या उजेडात सगळे काळे एकसारखेच दिसतात, असं तिचं म्हणणं. खरं तर काळ्यातही निळा काळा असतो आणि तपकिरी काळा असतो, हे तिने दोन्ही मुलींना शिकवलं होतं.

शेवटी पाच मजल्यांचा नियम झाला. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आणि पहिला प्लॉट निघाला तो नेमका यांच्या समोरचा.

यांचं घर गल्लीतलं पहिलं. त्याच्या पुढे, बसच्या रस्त्याला तोंड करून, एक जुना बैठा बंगला होता. त्याच्या वारसांनी तो विकला. आता तिथे पाच मजले आणि लहान लहान पुष्कळ घरं होणार. बंगल्याच्या मागे घरं दोनच, एक मिनिटताईचं आणि भिंतीला लागून इंजिनिअरकाकांचं.

इंजिनिअरकाका निवृत्त झाले होते, पण कोणाचं काही चुकलेलं त्यांना खपायचं नाही. त्यांनी हरकत घेतली. कागद घेऊन ते सकाळीच आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "सही कर. तुझी सही असली की ते प्रकरण परत वर जातं. मग बसतील दहा वर्षं खल करत."

"काका, मीच तर हे मागत होते."

"मागत होतीस ते दुसऱ्याच्या दारात. आता तुझ्या दारात आलंय." मग त्यांचा आवाज खाली आला. "हिचे गुडघे थंडीत धरतात. सकाळी व्हरांड्यात उन्हात बसली नाही तर दिवसभर उठता येत नाही तिला. माझ्या गाडीचं जाऊ दे, ती ठेवीन कुठेतरी."

"सावली तेवढी लांब येत नाही, काका. दाखवलंय ना मी."

"सुनावणीला दाखव मग," काका म्हणाले आणि गेले.

थंडी पडू लागली होती. सुनावणीच्या आदल्या सकाळी मिनिटताई आईला चहा द्यायला गेली. ऊन खिडकीतून आडवं येऊन आईच्या मांडीवर पडलं होतं. तिने सहज डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. वर काही नव्हतं. सूर्य खाली होता. बैठ्या बंगल्याच्या छपराला जवळजवळ टेकलेला. आईचा टॉर्च जिथे असायचा तिथे हा सूर्य उन्हाळ्यात येईल. थंडीत, जेव्हा ऊन हवं असतं, तेव्हा तो बंगल्याच्याच डोक्यावरून कसाबसा येत होता. त्या जागी पाच मजले उभे राहिले की दोन्ही घरं दिवाळखोरासारखी काळोखात तोंड लपवून बसणार. मिनिटा-मिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईने वर्षाचे ऋतूच विचारात घेतले नव्हते. तिने कपाळाला हात लावला.

त्याच संध्याकाळी भाची आली. थोरलीची मुलगी, नर्स. आई गेली तरी ती त्याच लांबच्या घरात राहायची आणि आईच्याच रस्त्याने स्कूटरवरून हॉस्पिटलला यायची. समोरच्या इमारतीतल्या काही खोल्या हॉस्पिटल आपल्या माणसांसाठी घेणार होतं. तिचं नाव त्यात होतं. "मावशी, मी सायकलवरून ड्युटीला जाईन गं," ती म्हणाली आणि नंतर कितीतरी वेळ पडद्यांबद्दल बोलत बसली. आजी नुसती तिच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सुनावणीला जाताना, बसमध्ये, मांडीवर पुठ्ठ्याची गल्ली घेऊन मिनिटताई म्हणाली, "आई, आपलं चुकलंय. आज टॉर्च खाली धर. सावली आपल्या घरावर येईल, येऊ दे. मी सांगेन त्यांना खरं काय ते."

"मग?"

"मग बघतील. वरचे मजले कमी करतील, नाहीतर सगळंच थांबेल."

"आणि पोरगी?"

मिनिटताईने मांडीवरची गल्ली सारखी केली. आईने "हं" केलं. या "हं"चा अर्थ लेकीने होकार असा घेतला. इतक्या वर्षांत तिला आईचा "हं" ओळखता येऊ नये, याचं नवल वाटतं.

खोली भरलेली होती. अधिकारी बाई तरुण होत्या आणि दमलेल्या होत्या. काकांनी आपलं म्हणणं शांतपणे मांडलं. काकू शेजारी गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. मिनिटताईने टेबलावर गल्ली मांडली, पडदे ओढायला सांगितले आणि आईला खूण केली.

आईने टॉर्च लावला आणि हात वर नेला. नेहमीच्या जागी. त्याहूनही थोडा वरच. इमारतीची सावली पायाशी येऊन बसली आणि मागची दोन पुठ्ठ्याची घरं उजळून निघाली.

"आई," मिनिटताई हळूच म्हणाली.

आईचा हात खाली आला नाही.

"हिवाळ्यातलं दाखवा," इंजिनिअरकाका म्हणाले.

"हिवाळाच आहे हा," आईने ठणकावून सांगितलं.

"अहो आजी, सूर्य एवढा वर असतो का थंडीत?"

थोडी कुजबूज झाली. अधिकारी बाईंनी आईकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि मग मिनिटताईकडे वळल्या. "तुम्ही सांगा. मी रोज तुमच्या वेळापत्रकावर येते, ते कधी चुकत नाही. हे बरोबर आहे का?"

एवढंच विचारलं होतं. आईचा वर गेलेला हात, त्या हाताचं सैल कातडं, आणि डोळे सरळ लेकीवर रोखलेले. मिनिटताईला त्या डोळ्यांत बहीण दिसली, भाची दिसली, तो हायवे दिसला. काकूंकडे बघायचं तिने टाळलं. ते तिने मुद्दाम टाळलं, हे ती पुढे कधी विसरली नाही.

"हो," ती म्हणाली. "बरोबर आहे."

हरकत फेटाळली गेली.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. मिनिटताई म्हणाली, "तुझं ऊन जाईल. रफू कसं करशील?"

"पुष्कळ केलं रफू. एक पोर त्या रस्त्यावर गेली माझी. तिथलं भोक काही बुजवता आलं नाही मला. दुसरी नाही जाऊ द्यायची."

"तुझं तू दिलंस. काकूंचं मी कोण द्यायला?"

आईने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

इमारत उभी राहिली. चांगली झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. सायकलचा पट्टा झाला, बस भरून जाऊ लागल्या, भाची तिसऱ्या मजल्यावर राहायला आली आणि तिने स्कूटर विकून टाकली. मिनिटताईला लोक सत्काराला बोलावू लागले. ती काही ना काही कारण काढून टाळायची. काकांनी वरती दाद मागितली नाही, भांडलेही नाहीत. फक्त गल्लीत समोरून ती आली की बाजूला होऊन तिला वाट द्यायचे, आणि हे तिला शिव्यांपेक्षा जड जायचं.

पहिल्याच थंडीत डेपोत तक्रार आली. नव्या इमारतीसमोरच्या स्टॉपवर रोज सकाळी दोन म्हाताऱ्या बसतात, ड्रायव्हर गाडी थांबवतो आणि त्या चढतच नाहीत. "तुझी मिनिटं खातायत, ताई," एक ड्रायव्हर हसत म्हणाला. मिनिटताई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गल्लीतून निघून इमारतीला वळसा घालून पुढे आली. गल्लीत गारठा होता आणि दिवे लावायची पाळी. रस्त्यावर मात्र ऊन नुसतं सांडलं होतं. स्टॉपच्या बाकावर काकू पाय लांब करून बसल्या होत्या, साडी घोट्याच्या वर घेऊन गुडघे शेकत. शेजारी आई. मांडीवर कोणाचातरी कोट, आणि दोन काळे दोरे तिने उजेडात धरले होते.

मिनिटताई त्यांच्यासमोर उभी राहिली. "काकू, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "ह्यांनी घरी येऊन अंगणात काठी रोवून तिची सावली बघितली ना. लगेच कळलं."

"मग पुढे गेला का नाहीत?"

काकूंनी गुडघ्यावरून हात फिरवला. "तुझी ताई गेली तेव्हा हॉस्पिटलात ओळख पटवायला कोण गेलं होतं? तुमच्या दोघींच्या तर अंगात त्राण नव्हतं. हेच गेले होते. काठी उपटून आत आले आणि म्हणाले, जाऊ दे, पोरगी येऊ दे जवळ राहायला."

आईच्या हातातले दोरे खाली आले. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"पण एकदा विचारायचं होतंस गं," काकू म्हणाल्या. रागाने नाही, साध्या आवाजात. "चार वर्षं सगळ्या गावाला सांगत फिरलीस. भिंतीपलीकडे येऊन, काकू, तुमचं ऊन मला हवंय, एवढं म्हणायचं होतंस. आम्ही काय नाही म्हटलं असतं?"

तेवढ्यात सायकलच्या पट्ट्यावरून घंटी वाजली. भाची रात्रपाळी करून येत होती, या थंडीत बिनस्वेटरची. तिने आजीला हात केला आणि फाटकातून आत गेली. दोघी म्हाताऱ्यांनी हात वर करून तिला उत्तर दिलं.

मग बस आली, वेळेवर, आणि त्यांच्यासमोर थांबली. दार उघडलं. आईने मान हलवून ड्रायव्हरला जायची खूण केली, आणि काकू थोड्या सरकल्या, मिनिटताईला बसायला जागा व्हावी म्हणून.