सासरे आले की उठायचं

सासरे आले की सुनेनं उठायचं, वाकायचं, त्यांचं नाव तोंडी आणायचं नाही. किरगिझस्तानात, नारीनकडच्या घरांत हे कुणी शिकवत बसत नाही. पण सासरे जाऊन तीन वर्षं झाली तरी बुरुल उठतच होती. डाव्या कानाशी त्यांचा आवाज आला, की हातातली कणीक टाकून उभी!

बिश्केकच्या इस्पितळात अशा आवाजांवर चुंबकाचा प्रयोग चालला होता. कापाकापी नाही, कानाच्या वर यंत्र धरायचं, टकटक होते. पंधरा दिवस. कुणाला खरा चुंबक आणि कुणाला नुसती टकटक, हे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. बुरुलचा नवरा एर्मेक मॉस्कोत कामाला. त्यानं आईला, सायकालला, फोनवर साफ सांगितलं, "आपा, या वेळी आवाज गेला नाही तर मी तिला कायमची माहेरी धाडणार. पोर आपल्याकडं राहील."

यंत्राखाली हलायचं नसतं आणि पहिल्याच दिवशी बुरुल तीनदा उठली. यंत्र धरणारा कावला, "अहो बाई, खुर्चीला खिळे आहेत का?"

"आताके उभे आहेत," बुरुल कुजबुजली. "सासऱ्यांपुढं मी कशी बसू?"

शेवटी सायकालच रिकाम्या कोपऱ्याकडं बघून करवादली, "तुम्ही जरा बाहेर बसा हो! पोरीला उपचार घेऊ द्या."

बुरुल बसली. सगळे हसले.

पण एक गोष्ट सायकालनं कुणालाच सांगितली नव्हती. नवरा गेला की बायकोनं भिंतीकडं तोंड करून वर्षभर विलाप गायचा असतो. तिनं तो तिसऱ्याच दिवशी सोडला होता, कारण सून म्हणाली, आताके चहा मागतायत. तेव्हापासून रोज चहा ओतताना ती हळूच विचारायची, "आज काय म्हणतायत गं?" घोडीला थंडी वाजतेय, खाऱ्या चहात मीठ कमी पडलंय, असं काहीबाही बुरुल सांगायची. तेवढ्यावर म्हातारीचा दिवस जायचा. सून आजारी, आणि सासूला त्या आजाराची गोडी लागलेली! लाज वाटायची, तरी विचारायचीच.

दहाव्या दिवसानंतर बुरुल उठेनाशी झाली.

"आज काय म्हणतायत गं?"

"काही नाही, आपा."

सायकालनं तोंड फिरवलं. पण डोळे पुसताना सुनेनं पाहिलंच.

शेवटच्या दिवशी डॉक्टरीण अनाराबाई कागद घेऊन बसल्या. "बुरुल, आवाज येतो अजून?"

बुरुलनं सासूकडं पाहिलं. मग उठली, वाकली. "येतो."

सायकाल घाबरली, आता एर्मेक हिला माहेरी धाडणारच. आणि खोटं कशाला बोला, आनंदही झाला. "काय म्हणतात गं?"

"म्हणतात, माझ्या लाडक्या सायकालला एकटं सोडू नका."

चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं सायकालला 'ए म्हातारे'खेरीज हाक मारली नव्हती, तीही लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. लाडकी म्हणे!

अनाराबाईंनी पेन टेकवलं.

"लिहू नका," सायकाल म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोलतेय ती. बस खाली, पोरी. तिथं कोणी नाही. ते मेले."

तीन वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. बुरुल हुंदका देत खाली बसली. अनाराबाईंनी लिहिलं, आवाज नाही.

मग सायकाल बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, भिंतीकडं वळली आणि तिसऱ्या दिवशी सोडलेला विलाप तिथूनच पुढं गायला लागली.