न वाचलेलं मानपत्र

मित्रांनो, मी एक फॉन्ट आहे आणि मी रागावलेलो आहे. संगणकात अक्षरांचे कितीतरी संच असतात, त्यांतलाच मी एक. बातम्या, बिलं, अर्ज माझ्यासाठी नाहीत. मानपत्रं, निमंत्रणं आणि समारंभातली मोठी नावं हे माझं काम. माझ्या वेलांट्या लांब आहेत, उकार डौलदार आहेत, आणि रेघ जाड सुरू होऊन बारीक होत जाते. मी देखणा आहे. तीच माझी पंचाईत आहे.

माझं मूळ जालन्यातल्या मस्तगडचं. तिथं लालमियाँ बोरूनं मानपत्रं लिहायचे. बोरू म्हणजे टोक तिरकं कापलेली काडी, शाईत बुडवून लिहायची. मानपत्र लिहून घ्यायला कुणी आलं, की ते आधी चहा द्यायचे आणि मग विचारायचे, "ह्या माणसानं काम काय केलं, ते बराबर सांगा. मंग लिहितो."

समोरचा म्हणायचा, थोर कार्य केलं. लालमियाँ बोरू खाली ठेवायचे. "थोरबीर मला न्हाई समजत. विहीर खोदली का? झाडं लावली का?" लोक वैतागायचे, पण आठवून सांगायचे. तेवढंच कागदावर उतरायचं.

पुढं त्यांचा हात थरथरू लागला. त्यांची मुलगी अफ्रीन हिनं जुन्या मानपत्रांमधून एकेक अक्षर उचललं, संगणकात पुन्हा रेखाटलं आणि मला घडवलं. लालमियाँनी मला पडद्यावर बराच वेळ पाहिलं. "अक्षर माझंच हाय," ते म्हणाले. "पण बेटा, हा लोकांला इचारणार कसा?"

मग मी या संगणकातून त्या संगणकात फिरत गेलो. शहागडच्या हायवेवर ढाब्याच्या फलकासाठी मला ओढून ताणून पसरट केलं. वाढदिवसाच्या बॅनरवर माझ्यात हिरवा, जांभळा, सोनेरी असे सगळे रंग ओतले. वर लोक मला सुंदरही म्हणाले. राग आला, तो मी गिळला. पण भोकरदनला जे झालं ते मला गिळता येत नाही.

भोकरदनजवळच्या एका खेड्यात आसराबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्या निवृत्त झाल्या आणि गावानं सत्कार ठरवला. आसराबाईंना वाचता येत नाही. पण दुसऱ्यांची मानपत्रं सभेत वाचली जाताना त्यांनी पुष्कळदा ऐकली होती. आपलंही एकदा चारचौघांत वाचलं जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ठरवायला आलेल्या मंडळींना त्या म्हणाल्या, "लई मोठं काही लिवू नका. म्या जे केलं तेवढंच लिवा."

काय केलं, ते एकानंही विचारलं नाही. मंडळींनी छपाईवाल्या भुजंगला फोन करून फक्त नाव आणि तारीख सांगितली. भुजंगनं एका पतसंस्थेच्या अध्यक्षांचं, माझ्याच अक्षरांतलं जुनं मानपत्र संगणकावर उघडलं, त्यांचं नाव पुसलं आणि आसराबाईंचं टाकलं. बाकी मजकूर तसाच. सहकारातली दूरदृष्टी, ठेवीदारांचा विश्वास, सगळं जिथल्या तिथं. भुजंग काही दुष्ट नाही. त्याला घाई होती, आणि मी इतका छान दिसत होतो की त्याला वाचायची गरज वाटली नाही. न्यायला आलेल्यांनीही फ्रेम उजेडात धरली आणि म्हणाले, "एक नंबर दिसून राह्यलं." वाचलं त्यांनीही नाही.

सत्काराच्या दिवशी पाहुण्यांची भाषणं लांबली. तिकडे जेवण थंड होऊ लागलं. सूत्रसंचालक म्हणाला, "वेळेअभावी मानपत्र वाचलं असं समजावं." टाळ्या पडल्या, फोटो निघाले. आसराबाई मला छातीशी धरून हसत उभ्या राहिल्या.

घरी येताच त्यांनी मला लेकीसमोर ठेवलं. रेणुका जालन्याहून मुद्दाम आली होती. "वाच बरं, माय. तिथं कुणी वाचलंच न्हाई."

रेणुकानं पहिल्या ओळी मनात वाचल्या. तिचा चेहरा उतरला. मग ती मोठ्यानं वाचायला लागली. नाल्याला पूर आला तेव्हा आसराबाईंनी लेकरं कडेवर घेऊन पलीकडं पोचवली. आई गेलेल्या पोरीची त्यांनी रोज वेणी घातली. खिचडी आधी स्वतः चाखून मगच लेकरांच्या ताटात वाढली. यातला एकही शब्द माझ्यात नव्हता.

आसराबाईंनी पदरानं डोळे पुसले. "नाल्याचं कुठं लिवलंय? दाखव मला."

रेणुकानं त्यांचं बोट धरून एका ओळीवर टेकवलं. त्या ओळीत पतसंस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाचं कौतुक आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाचा तरी सत्कार कराल. माझ्यासारखी अक्षरं तुम्हाला हवी तेवढी मिळतील. पण आधी त्या माणसाच्या घरी जा, समोर बसा, काय काम केलं ते विचारा. छापून आलं की वाचा. नुसतं बघू नका.

आता घरी कुणी आलं, की आसराबाई त्याला माझ्यासमोर नेतात आणि त्या ओळीवर बोट ठेवून पुराची गोष्ट सांगतात. ऐकणारे माझी वळणं पाहतात आणि माना डोलावतात. लोकांनी वाचावं म्हणून मला घडवलं. आणि दर वेळी दारात पाहुणा आला, की मी मनातल्या मनात म्हणतो, यानं मला वाचू नये.