चार बोटं खाली

स्पर्धेआधीच्या शेवटच्या सरावात ग्लेबचा हात तैसियाच्या कमरेवर आला, तो चार बोटं खाली. तिने दुर्लक्ष केलं. पुढच्या वळणालाही हात तिथेच पडला. शाळेत असल्यापासून हा हात डोळे मिटूनही बरोबर जागेवर येत होता. असा हात उगाच चुकत नाही, त्याला दुसरी सवय लागलेली असते. तिच्यापेक्षा बुटक्या मुलीची.

बर्फावरच्या नृत्यात मुली पैशाला पासरी आणि बरा जोडीदार औषधालाही मिळत नाही. ग्लेब गेला तर सव्विसाव्या वर्षी तिला कोण विचारणार? आपल्या गावी, पेर्मला परत जायचं आणि चिमुरड्यांच्या बुटांच्या नाड्या बांधत बसायचं.

"कोण आहे ती?" कठड्याशी पाणी पिताना तिने विचारलं.

"कोण ती?"

"माझ्या खांद्याला लागत असेल बघ."

ग्लेबचा चेहरा उतरला. "वार्या. मॉस्कोची. तिच्याबरोबर सरावाला दोनदाच गेलो होतो गं, तास्या."

"दोनदात हात खाली उतरत नाही. खोटं तरी धड बोल, गाढवा."

"आत्ता तमाशा नको. राष्ट्रीय सुवर्णपदक समोर आहे. नंतर बोलू."

त्यांच्या प्रशिक्षिका रिम्मा अर्काद्येव्हना फरचा कोट सावरत आल्या. "कसली कुजबुज, पोरांनो? जा, हात हलवत परत या!"

"मसणात जा!" दोघं ओरडले. चांगलं चिंतलं की दृष्ट लागते, म्हणून असं वाकडंच बोलायचं आणि वाकडंच उत्तर द्यायचं. आज तैसियाने ते ग्लेबकडे बघत दिलं.

त्यांची पाळी आली, संगीत सुरू झालं. पहिल्याच वळणाला हात खाली आला, दोघांचा तोल गेला आणि तिच्या बुटाचं पातं करकरलं. कसेबसे सावरले. पुढे याहून वेगाची वळणं होती, ग्लेबने तिला अधांतरी घ्यायची उचल होती. तिथे हात असाच पडला तर दोघंही आडवे. पडू दे, पडू दे मेल्याला, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. पण पदक तिचंही होतं. हात वर येणार नव्हता, मग तिनेच गुडघे वाकवले. वार्याएवढी झाली ती. मांड्या पेटल्या, श्वास पुरेना, तरी शेवटपर्यंत तिने गुडघे सरळ होऊ दिले नाहीत. उचल निर्विघ्न पार पडली. प्रेक्षागृह उभं राहिलं.

गुण लागले. सोनं!

"तास्या, इतके खोल वाकलेले गुडघे! परीक्षक यावरच भाळतात!" रिम्मा अर्काद्येव्हनांनी तिचे गाल धरले. "आजवर कुठे लपवले होतेस, भवाने?"

ग्लेब हमसून रडत होता. "मी कुठ्ठे जात नाही. वार्याला आजच कळवतो. आईशप्पथ!"

तो मनापासून बोलत होता. तैसियाला इतकं हलकं वाटलं की तीही रडली.

पदकं गळ्यात पडली. "जवळ या, आणखी जवळ!" छायाचित्रकार ओरडला. ग्लेबने हसत हात तिच्या कमरेवर टाकला.

चार बोटं खाली. त्याला पत्ताही नव्हता.

तैसिया ताठ उभी राहिली. "कळवू नकोस वार्याला. जा तिच्याकडेच," कॅमेऱ्याकडे बघत ती म्हणाली.