फुली म्हणजे हो

तिला सगळे कानवाली म्हणत. शेजारचा चावीवाला, समोरचा इस्त्रीवाला, एवढंच काय, टपाल टाकायला येणारा माणूससुद्धा. कमी ऐकू येणाऱ्यांना कानामागे लावायची यंत्रं द्यायची आणि ती ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे जुळवून द्यायची हा तिचा व्यवसाय. नाव पडलंय ते कामावरून पडलंय, त्यात वाईट वाटण्यासारखं काय, असं तिचं म्हणणं. उलट फोनवर ती स्वतःच सांगे, "हां, मी कानवालीच बोलतेय. बोला, मी ऐकतेय."

दुकान अरुंद होतं. पुढे काउंटर, दोन खुर्च्या आणि मागे एक छोटी खोली. त्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या लावलेल्या. दार ओढून घेतलं की रस्त्याचा आवाज बंद आणि आपलाच श्वास आपल्याला ऐकू यायला लागायचा. बाहेर काउंटरवर तिचा कॉम्प्युटर. यंत्र तारेने त्याला जोडायचं, पडद्यावरच्या रेषा वरखाली करायच्या, आणि समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा. रेषा कुठे थांबवायची ते तिला त्या चेहऱ्यावरून कळे. भुवया सैल झाल्या की ती थांबे.

इतकी वर्षं त्या कॉम्प्युटरने कधी तोंड वर करून काही म्हटलं नव्हतं. पण गेले काही महिने त्याला नवीनच खोड लागली होती. काम रंगात आलं की पडद्याच्या मधोमध एक चौकट टपकायची. 'तुमच्या कॉम्प्युटरसाठी नवी प्रणाली तयार आहे.' खाली दोन बटणं. एकावर 'आत्ता करा', दुसऱ्यावर 'नंतर करा'. 'नको' असं कुठेही नव्हतं. तिने शोधून बघितलं, चष्मा लावून बघितलं. नव्हतंच.

तिला नवी प्रणाली नको होती, कारण यंत्रं जुळवायचा प्रोग्राम त्या नव्या प्रणालीवर चालत नव्हता. यंत्रं बनवणाऱ्यांनीच तसं कळवलं होतं. आम्ही आमचा प्रोग्राम सुधारतोय, तोवर कॉम्प्युटरला हात लावू नका. मग तिने 'नंतर करा' दाबायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी चौकट पुन्हा हजर, जणू काल काही बोलणं झालंच नव्हतं. कधी कोपऱ्यात, कधी मधोमध, एकदा तर अख्खा पडदा व्यापून.

"हा काय पिच्छा आहे!" ती नवऱ्याला म्हणाली. "मुलगी बघायला आलेल्यांना नकार कळवला तरी ते इतके फेरे मारत नाहीत."

नवरा एका मोठ्या कार्यालयातले कॉम्प्युटर सांभाळायचा. माणूस शांत, पण अशा बाबतीत त्याचा सूर ठरलेला. "अगं, करून टाक ना एकदा. आज ना उद्या करावंच लागणार आहे."

"उद्या करीन. पण उद्या कधी, ते मी ठरवीन."

यावर तो हसला, आणि विषय तिथेच राहिला.

एके सकाळी ऑफिसला जाता जाता तो दुकानात डोकावला. त्याला एक कागद छापून हवा होता. ती मागच्या खोलीत एका आजोबांचे कान तपासत होती. त्याने कागद छापला, आतल्या दिशेने "येतो गं" म्हणाला आणि निघून गेला. तिनेही लक्ष दिलं नाही.

दुपारी आत्या आली. ही तिची सख्खी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. उभं आयुष्य शाळेत गाणं शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून बायकांचा एक गाणारा गट काढला. गटात कुणी आजी होती, कुणी पणजी होती. आत्या मात्र सगळ्यांना "मुलींनो" म्हणायची. दोन्ही कानांना यंत्रं लावून ती हा गट चालवत होती आणि अतिशय कडकपणे चालवत होती.

"उद्या सकाळी तालीम आहे आणि डावा कान शिट्ट्या मारतोय," खुर्चीत बसता बसता तिने जाहीर केलं. "सगळ्या बायका माझ्याकडे बघतात. त्यांना वाटतं मीच वाजवतेय."

"दे इकडे. बघते."

कानवालीने दोन्ही यंत्रं तारांना जोडली आणि तारांसकट आत्याच्या कानांमागे अडकवली. शिट्टीचं कारण तिला लगेच सापडलं. तिने रेषा खाली ओढली, बदल यंत्रात भरायला सुरुवात केली, आणि भरणं अर्ध्यावर आलेलं असताना पडदा निळा झाला.

'अपग्रेड सुरू होत आहे. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.'

"अरे!" ती ओरडली. कळा दाबून पाहिल्या, माउस हलवून पाहिला. निळ्या पडद्यावर एक पांढरं वर्तुळ निवांत फिरत होतं.

आत्याने दोन्ही हात कानांवर नेले. "गेला," ती म्हणाली. मग मोठ्याने, फार मोठ्याने, "अगं, आवाज गेला! दोन्हीकडचा गेला! तू काय केलंस?"

अर्धवट भरलेली यंत्रं मुकी झाली होती. आत्याला यंत्रांशिवाय समोरच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते कानवालीला त्या क्षणी नीट समजलं. पण रोज घाबरलेल्या माणसांना धीर देऊन देऊन तिच्या अंगातच एक ठामपणा मुरला होता. तिने आत्याचे दोन्ही हात हातात घेतले, तिच्या अगदी समोर तोंड आणलं आणि ओठ स्पष्ट हलवत सावकाश म्हणाली, "मी काही नाही केलं. यानं केलं. आज आवाज परत मिळेल. घरी जायच्या आत."

आत्याने तिच्या ओठांकडे आणि मग डोळ्यांकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "बसते."

कानवालीने नवऱ्याला फोन लावला.

"सकाळी तू माझ्या कॉम्प्युटरवर काय दाबलंस?"

"कुठे काय? कागद छापला. ती तुझी चौकट मधे आली होती, तर ती बंद केली."

"कशी बंद केलीस?"

"फुली मारली. वरच्या कोपऱ्यात असते ना, ती. फुली म्हणजे बंद. लहान पोरालाही माहीत असतं." मग त्याचा आवाज बदलला. "थांब. त्या चौकटीत बारीक अक्षरात काहीतरी होतं खरं. दुपारची वेळ ठरवलीय की काय, असं काहीतरी. मी वाचलं नाही गं."

"म्हणजे फुली मारली तर हो."

"फुली म्हणजे हो," तो हताशपणे म्हणाला. "हा तर चक्क दगा आहे. मी येतो. लगेच निघतो."

तो येईपर्यंत तिने प्रणालीवाल्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक तरुण आवाज आला. मऊ, घोटवून घेतलेला.

"नमस्कार मॅडम, नव्या प्रणालीबद्दल अभिनंदन! ती अधिक वेगवान आणि अधिक सुरक्षित—"

"मी तुम्हाला हो म्हटलं होतं का?"

"मॅडम, सूचना तर दाखवली होती."

"सूचना तुम्ही रोज दाखवता. मी रोज नंतर म्हणते. आज आमच्या माणसाने फुली मारली, तर तुम्ही तिचा अर्थ हो असा लावलात. माझ्यासमोर एक बाई बसली आहे. तुमच्यामुळे तिच्या कानांची यंत्रं मुकी झालीत, तिला या मिनिटाला काहीही ऐकू येत नाही. काहीही. मी चिडलेली नाही, मला दोन गोष्टी हव्या आहेत. जुनी प्रणाली परत कशी आणायची, आणि ही चौकट कायमची बंद कशी करायची. या दोन गोष्टी सांगा, मी फोन ठेवते."

मग तोच आवाज, पण घोटवलेपणा गळून पडलेला. "मॅडम, माझ्या आजोबांनाही यंत्र आहे. थांबा हं. फोन ठेवू नका."

यावेळी संगीत लागलं नाही. त्याने कुणालातरी विचारल्याचं ऐकू आलं, कुणीतरी नाही म्हणाल्याचं, मग त्याने पुन्हा विचारल्याचं. परत येऊन त्याने सगळं नीट सांगितलं. परत जायची सोय ठरावीक मुदतीपर्यंत असते, ती कुठे दडलेली आहे. आणि चौकट बंद करायची जागा तर सात पडद्यांआड होती, तिथवरची वाट. तिने हातातल्या पेनने सगळं तळहातावर उतरवून घेतलं.

"तुमच्या आजोबांना कधी अडचण आली तर सांगा," ती म्हणाली. "कानवाली म्हणून विचारा."

नवरा आला तो धापा टाकत. आत्यासमोर उभा राहून त्याने दोन्ही कान पकडले. आत्या मोठ्याने म्हणाली, "जावईबापू, कान पकडून काय उपयोग? माझे चालू करा!" तो लाल झाला आणि कामाला लागला. तिच्या तळहातावरची वाट वाचत त्याने दडलेली सोय शोधली आणि परतीचं काम सुरू केलं. पांढरं वर्तुळ पुन्हा फिरू लागलं.

वाट बघण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं. आत्याला त्या शांततेचा कंटाळा आला असावा. तिने डोळे मिटले, एक तळवा छातीवर ठेवला आणि गुणगुणायला लागली. खालचा सा, मग रे, मग ग. स्वर अजून तसाच स्वच्छ होता. गाताना तिच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या सैल झाल्या. कानवाली बघत राहिली. यंत्रं लावल्यापासून तिने आत्याला गाताना इतकं निवांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत जुना पडदा परत आला. प्रोग्राम उघडला. आत्याचं जुनं सेटिंग जसंच्या तसं जपलेलं होतं. नवऱ्याने सुस्कारा सोडला. कानवालीने शिट्टीची रेषा पुन्हा खाली ओढून ते यंत्रांत भरलं, तसं आत्याचं डोकं एकदम वर झालं.

"आला," ती म्हणाली. "आलं सगळं परत. तोच पत्र्याचा डबा."

"पत्र्याचा डबा?"

"मी तुला किती वेळा सांगितलं! बोलणं नीट ऐकू येतं, पण माझ्या बायका गायला लागल्या की पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं. तू दर वेळी काय म्हणतेस? 'सवय होईल, आत्या.' मी पुन्हा सांगते, तू पुन्हा तेच." आत्याने पडद्याकडे बोट केलं. "त्याच्यावर कशाला चिडतेस? त्यात 'नको' कुठेच नाही, म्हणून मलाही दर वेळी सांगतेस. तुझ्याकडे तरी 'नको'चं बटण कुठे आहे?"

नवऱ्याने खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला सुरुवात केली.

कानवाली खो खो हसत सुटली, अगदी मनापासून. लागलं होतं, पण खरं होतं, आणि खरं बोलणारं माणूस समोरच बसलेलं होतं. दुरुस्त करायला याहून चांगली वेळ कुठली?

"पुस्तकात बोलण्यासाठी जुळवायला सांगतात, म्हणून मी तसं जुळवलं," ती म्हणाली. "आज गाण्यासाठी जुळवू. मला त्यातलं फारसं कळत नाही. तू गा आणि तूच सांग."

आत्या ताठ बसली. तिने सा लावला. कानवालीने रेषा हलवली. "नको," आत्या म्हणाली. पुन्हा हलवली. "नको. मघाचं बरं होतं." वरच्या सप्तकात गेल्यावर तिने भुवया आवळल्या, तर कानवालीने तिथली, उंच स्वर आपोआप छाटणारी सगळी कापाकापी बंद करून टाकली. गर्दीचा आवाज दाबणारी सोय तर पूर्णच काढली, कारण ती बिचारी तालमीतल्या तंबोऱ्यालाही गर्दी समजून दाबत होती. किती वेळा नको ऐकलं, ते तिने मोजलं नाही. नवऱ्यालाही कामाला लावलं. त्याने दाराशी उभं राहून एक जुनं गाणं म्हटलं, तर आत्या म्हणाली, "आवाज स्वच्छ येतोय. बेसूर आहात, तेही स्वच्छ येतंय."

आणि मग एका जागी, गाता गाता, आत्या थांबली. पुन्हा तोच स्वर लावला, ऐकला, आणि डोळे पुसले.

"इथे थांब," ती म्हणाली. "आता हात लावू नकोस."

बोलण्यासाठी वेगळं, गाण्यासाठी वेगळं अशी दोन सेटिंगं यंत्रात भरून झाली. आत्या घरी गेल्यावर कानवालीने तळहातावरचं वाचून ती चौकट कायमची बंद केली, आणि मगच हात धुतले.

दुसऱ्या दिवशी ती तालमीला गेली. एका शाळेच्या रिकाम्या वर्गात बायका तीन ओळींत उभ्या होत्या. आत्याने यंत्राचं बटण दाबून गाण्याचं सेटिंग लावलं, हात उंचावला, आणि गाणं सुरू झालं. कानवालीला ते छान वाटलं. आत्याने मात्र पहिलं कडवं संपायच्या आत हात खाली आणला.

"दुसरी ओळ. उजवीकडची तिसरी. तुमचा आवाज कुठे आहे?"

उजवीकडची तिसरी म्हणजे एक गुबगुबीत, हसतमुख बाई होती. दंतवैद्य होती ती, अजून दवाखाना चालवायची. तिचा चेहरा गोरामोरा झाला. "मी... गातेय की."

"ओठ हलताहेत. तोंडातून काही येत नाहीये."

दंतवैद्यबाईंनी शरणागती पत्करली. "मला वाटलं, तुम्हाला कळणार नाही. माझा सूर लागत नाही हो. उगाच तुमचं बिघडायला नको, म्हणून पहिल्या दिवसापासून मी नुसतंच तोंड हलवते."

बाकीच्या बायका हसू दाबायला लागल्या. आत्या चालत तिच्यापर्यंत गेली. कानवालीला वाटलं, आता बाईंची काही खैर नाही. पण आत्याचा चेहरा खुलला होता, नवीन विद्यार्थिनी मिळाल्यासारखा.

"एकटीने एक ओळ म्हणा," ती म्हणाली. "चुकली तरी चालेल. मला ऐकायचीय."

दंतवैद्यबाईंनी घसा खाकरला.