पोटनाव

एकोणीसशे नव्याण्णवच्या उन्हाळ्यात संगमनेरच्या एका शिक्षण संस्थेची ई-मेल परदेशात कुणी घेईनासं झालं. ते सगळ्यात आधी विजयमालाच्या लक्षात आलं.

विजयमाला संस्थेच्या कॉम्प्युटर सेंटरची प्रमुख. मेलचा सर्व्हर तिनंच खपून उभा केला होता. इंटरनेटवर संस्थेचं एक नाव घेतलेलं होतं. त्यालाच जोडून इंजिनिअरिंगला एक, शेती कॉलेजला एक, प्रवेश कचेरीला एक, अशी पोटनावं तिनं काढून दिली होती. बाहेर जाणारी सगळी मेल मात्र एकाच सर्व्हरवरून निघायची. तिला या कामाचा अभिमान होता. प्राध्यापक मंडळी नवा पत्ता छापलेली कार्डं ओळख नसलेल्यालाही द्यायची.

मग प्रवेश कचेरीचे गोरक्ष सर मुंबईहून एक सीडी घेऊन आले. परदेशी राहणाऱ्या हजारो भारतीयांचे पत्ते तिच्यात होते. अनिवासी कोट्याच्या जागा रिकाम्या होत्या, त्यांची जाहिरात या सगळ्यांना धाडायची होती. न मागता जाहिरात गेली की लोक चिडतात, तक्रारी करतात, असं विजयमालानं सांगून पाहिलं. सर हसले. आमचं पोटनाव वेगळं आहे ना, मग बाकीच्यांना काय झळ लागणार, असं म्हणाले. संस्थेच्या सचिवांची परवानगी त्यांनी आधीच काढली होती. जाहिरात गेली. उत्तरं येईनात म्हणून पुन्हा गेली, आणि पुन्हा.

तक्रारी झाल्याच. पोटनाव कुणाचं, चूक कुणाची, हे बघत बसायला तिकडच्या सर्व्हरवाल्यांना सवड नव्हती. त्यांनी संस्थेचं मूळ नावच काळ्या यादीत घातलं. कुठल्याही कॉलेजची मेल आता उंबऱ्यावरूनच माघारी यायला लागली.

नाव ऐकून दार लागणं विजयमालाला नवं नव्हतं. या गावात खोली शोधताना आडनाव सांगितलं की बोलणं तिथंच संपायचं. तेव्हा तिनं दुसरं दार ठोठावलं होतं. इथं दुसरं दार कुठलं, तेच तिला सुचेना.

ती गोरक्ष सरांकडे गेली. सगळ्या कॉलेजांत सूचना लावू या म्हणाली. प्रवेशाच्या तोंडावर बोभाटा नको, आठवडाभरात गुपचूप निस्तरा, असं सरांनी सांगितलं. विजयमालाला ते पटलं नाही, तरी तिनं ऐकलं. संस्थेची मेल जात नसल्यानं ती काळी यादी ठेवणाऱ्यांना रोज बाहेरच्या एका मोफत मेलबॉक्समधून विनंत्या करत राहिली. जाहिराती बंद केल्याचं लिहून द्या, ते म्हणत. तसं लिहून द्यायला सचिव तयार नव्हते.

आठवडा उलटून गेला तरी नाव यादीतच होतं, तेव्हा शेती कॉलेजातली दीपा सेंटरमध्ये आली. देवळाली प्रवराची, एम.एस्सी. करणारी, मितभाषी मुलगी. परदेशातल्या एका प्राध्यापकांनी तिला संशोधनाची जागा देऊ केली होती, येणार असल्याचं महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. तिनं वेळेत मेल केली होती. मग आईच्या आजारपणामुळे ती गावी गेली. आता महिना उलटला होता आणि उत्तर कसं आलं नाही, हे तिला विचारायचं होतं.

विजयमालानं तिचा मेलबॉक्स उघडला. तिची मेल पाठवली त्याच दिवशी परत आलेली होती; सरांनी सूचना लावायला नको म्हटल्याला तेव्हा दोन दिवस झाले होते.

"मॅडम, माझा पत्ता चुकला का?" दीपानं विचारलं.

"नाही गं. तुझं काहीच चुकलेलं नाही."

विजयमालानं तिथंच मोफत मेलबॉक्समधून प्राध्यापकांना सगळं कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सभ्य आणि थोडकं. वाट पाहिली, तुमची इच्छा नसावी असं वाटलं, जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली. पुढच्या वर्षी जागा असेलच असं सांगता येणार नाही.

ते वाचून दीपा उठली, माठातलं पाणी प्यायली आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून निघाली. दोन दिवसांनी तिचे वडील छगनराव आले. भांडायला आले असतील असं वाटून विजयमाला उभीच राहिली.

"बाई, पोरगी काय बोलत न्हाई," ते म्हणाले. "तुमास्नी आदी ठावं हुतं का, येवढंच सांगा."

"होतं," विजयमाला म्हणाली. "सांगू नका अशी ताकीद होती. मी सांगितलं नाही."

छगनरावांनी मान हलवली. मग टोपी नीट केली आणि ते गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं विजयमालाला वाटलं.

त्याच दुपारी तिनं प्रवेश कचेरीचं पोटनाव कुणाला न विचारता काढून टाकलं, जाहिराती बंद झाल्याचं स्वतःच्या सहीनं यादीवाल्यांना कळवलं आणि प्रत्येक कॉलेजच्या फलकावर सूचना लावली. सचिवांनी बोलावून झापलं. सेंटर दुसऱ्याकडे दिलं, तिला फक्त शिकवायला ठेवलं.

पावसाळा संपता संपता नाव यादीतून निघालं. तरी काही ठिकाणी संस्थेची मेल पुढं कितीतरी दिवस घेत नव्हते. यादीतून काढणं एक आणि विश्वास बसणं दुसरं. दीपा तोवर राहुरीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागली होती. विजयमालानं तिच्यासाठी दुसऱ्या दोन ठिकाणी चौकशी केली आणि तसं पोस्टकार्डानं कळवलं. दीपानं आभार मानले. आता आईला सोडून जाता येणार नाही, असं तिनं लिहिलं होतं.

दिवाळीनंतर गोरक्ष सर नवी सीडी घेऊन आल्याचं विजयमालाला शिपायाकडून कळलं. नव्या माणसानं त्यांना नवं पोटनाव काढून दिलं होतं.