हाय काढा, आहे घाला

उन्नतीचा बाप मनोज मला शाळेच्या फाटकातच म्हणाला होता, "बाई, पोरगी दोनदा मराठीत उडली. आता उडली तर नववीतनंच घरी. मंग मला समजवाया येऊ नका."

उन्नती बोलायला बसली की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. लिहायला बसली की पान कोरं. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. पाचवीत तिच्या निबंधातल्या प्रत्येक 'हाय'ला आणि 'न्हाय'ला कुणीतरी लाल पेनाने गोल केला होता. एका पानावर एकतीस गोल. ती वही तिने अजून ठेवली होती.

"कशाला ठेवलीस गं?"

"मोजाया."

मी तरी कुठली मोठी मास्तरीण! कामतघरला पॉवरलूमवर सुताच्या कांड्या भरत होते तेव्हा वडापावच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला लागले, दहावी बाहेरून दिली. इथे राहनाळच्या शाळेत मला ठेवलं ते कॉम्प्युटरची खोली सांभाळायला. मराठीची जागा दोन वर्षं रिकामी, म्हणून लेखनाचा तासही माझ्या गळ्यात पडला.

वर्गात मी सगळे खेळ करून पाहिले. पिशवीतून एक वस्तू काढायची आणि तिच्यावर पाच ओळी लिहायच्या. उन्नतीने पिशवीतून कुलूप काढलं आणि तास संपेपर्यंत हातात धरून बसली. शेवटी क्षेत्रभेटीचा अहवाल आला, वीस गुणांचा. ते मिळाले तरच ती पास होणार होती. मी तिला म्हटलं, "तुमच्या गावात गोडाऊन झालंय, त्याच्या खाली आधी काय होतं ते आजीला विचार. आजी बोलेल तसंच लिही. अगदी तसंच."

नऊ पानं लिहून आणली पोरीने. चार दिवस दोन बोटांनी स्वतः टाइप केली. मी खोलीबाहेर जाऊन डोळे पुसले, धूळ फार असते आमच्याकडे.

अहवाल साइटवर चढवायचा शेवटचा दिवस उजाडला. चार वाजता मोठ्या सरांनी पहिलं पान वाचलं. "ही कुठली भाषा? वर गेलं तर शाळेची अब्रू जाईल. शुद्ध करा, नाहीतर मी पाठवू देणार नाही. पाचला साइट बंद होते."

उन्नती कमळाआजीचा फोटो आणायला घरी गेली होती. तिची वाट पाहायला हवी होती, पण माझा धीर सुटला. कॉम्प्युटरला सांगितलं, 'हाय' काढ, 'आहे' घाल, सगळीकडे. एकशे चौदा जागी बदल झाले, म्हणाला. मी जतन करून फाइल बंद केली आणि मग आपली हुशारी बघायला परत उघडली.

'आजी बोलली, इथं आपलं शेत आहे. दिसत न्आहे, पन आहे. गोडाऊनच्या गाल्याखाली आहे. विहीर न्आहे, बांध न्आहे. आहेवेच्या पल्याड खारजमीन होती.'

हायवेसुद्धा सुटला नव्हता.

पाठीमागे उन्नती उभी होती, हातात फोटो. तिने सगळं वाचलं.

"कुनी केलं?"

कॉम्प्युटरवर ढकलता आलं असतं. "मी."

"तुमी पन, बाई." आवाज चढला नाही, तेच वाईट. "गोडाऊनात पॅकिंगला बसते मी. तिथं कोन गोल करत न्हाय."

"उन्नती, थांब. मी हातानं सगळं परत करते. पाया पडते गं तुझ्या."

ती दाराकडे गेली. मी एकेक शब्द शोधू लागले. घाईत एक सुधारताना दोन बिघडत होते. पाचवं की सहावं पान, काही कळेना. चार चाळीस. चार पंचेचाळीस. नऊ पानं मीच खाल्ली, तिची नववीसुद्धा मीच खाल्ली, एवढंच डोक्यात.

"असं करत बसलात तर परवा होईल," दारातून आवाज आला. गेली नव्हती. "उलटं करा ना. आहे काढा, हाय घाला."

माझ्या डोक्यात आलंच नव्हतं ते. केलं. शेत परत आलं, न्हाय परत आलं, हायवे जागेवर बसला. मी बिघडवलेलं तेवढं तिने भरभर दुरुस्त केलं. फक्त शेवटची ओळ चुकीची दिसली. 'ही माहिती खरी आहे,' असं तिने मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम शुद्ध लिहिलं होतं. तिथेही आता 'हाय' झालं होतं.

"ही बदलू?"

"ऱ्हाऊ दे. आजीची हाय ना, खरीच हाय."

चार सत्तावन्न. सरांनी शुद्ध करायला सांगितलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. आजीचा फोटो जोडला आणि बटण दाबलं. पडद्यावरचं चक्र गोल फिरत राहिलं. उन्नतीने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मग अक्षरं आली: अहवाल जमा झाला. तपासणारा कोण, त्याच्या हातात लाल पेन आहे का, आम्हाला काय माहीत.

सर दारात आले. "झालं ना शुद्ध? एकही चूक नाही ना राहिली?"

उन्नती माझ्याकडे बघत होती.

"न्हाय सर," मी म्हटलं. "एक पन न्हाय."